एकटेपणाच्या कथा बंद नका करू, फक्त जरा मोठ्या छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी वाचकांच्या पत्रांत एक पत्र होतं, पुरवणीतल्या कथांवर वैतागून लिहिलेलं. म्हणे दर रविवारी तेच, कोणीतरी एकटं, कोणाचं तरी प्रेम गेलेलं, कोणीतरी गॅलरीत उभं, सकाळी चहाबरोबर हे कशाला, काहीतरी उभारी देणारं छापा. लिहिणारे काका (पत्राच्या सुरावरून काकाच वाटले, ताई असतील तर माफ करा) अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत म्हणून दोन दिवस गप्प बसले, तिसऱ्या दिवशी राहवेना. मोबाईलवर टाइप करतेय, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

मी नाशिकरोडला एका वाचनालयात काउंटरला बसते, एकवीस वर्षं झाली. कुठलं पुस्तक किती फिरलं ते आत चिकटवलेल्या तारखेच्या चिठ्ठीवर कळतं. कादंबरी मागतात, जाड द्या म्हणतात, चरित्रं तर हातोहात जातात, पण कथासंग्रह म्हटलं की तोंड वाकडं. "सुरू होते तोवर संपते हो." त्यात प्रेम तुटल्याची असेल तर विचारूच नका, "शेवटी काय झालं ते सांगतच नाहीत." एक बाई मात्र मेघना पेठेंचा 'हंस अकेला' तीनदा घेऊन गेल्या, तीनही वेळा वर पेपरचं कव्हर घालून, घरात सासूबाई होत्या. कव्हरला पेपर तुमचाच असायचा, हे आपलं जाता जाता.

काकांचं पटलं ते एवढंच, की पुरवणीत सध्या येतात त्या कथा खरंच कंटाळवाण्या आहेत, राग मानू नका. पाऊस असतोच. खिडकी असते. आपल्या घरांतून चहा होतो पण कथेत प्रेम गेलं की माणूस एकदम कॉफीवर जातो. 'ती' असते, तिला नाव नसतं, निळी टिक दिसते पण रिप्लाय येत नाही, आणि शेवटच्या ओळीत ती आरशात बघून हसते नाहीतर रडते, दोन्हीपैकी एक. हे सगळं सहाशे शब्दांत. एका कथेत मी 'एकटेपणा' हा शब्द मोजला तर अकरा वेळा आला. ज्याला खरंच एकटं वाटतं तो असं अकरा वेळा म्हणत नाही हो. तो म्हणतो जेवलात का, नाहीतर पंखा एकवर करू का.

म्हणून काकांना म्हणावंसं वाटतं की तुम्ही ज्याला कंटाळलात तो एकटेपणा नाहीच, ते नुसतं रडणं आहे. खऱ्या कथेत कोणी रडत नाही फारसं. तिथे लोक माशाबद्दल बोलतात.

माशाचं सांगते. रशियन लेखक चेखवची ती कुत्रं घेऊन फिरणाऱ्या बाईची गोष्ट, १८९९ सालची. गुरोव म्हणून मॉस्कोचा माणूस, लग्न झालेला, पोरंबाळं असलेला, बायकांच्या बाबतीत निर्ढावलेला, याल्टाला हवा खायला जातो, तिथे आन्ना म्हणून एक तरुण बाई भेटते, तिचंही लग्न झालेलं. जे व्हायचं ते होतं. झाल्यावर ती खोलीत मान खाली घालून बसलीये, आता तुम्ही मला काय समजाल म्हणतेय, आणि हा काय करतो तर टेबलावर कलिंगड असतं त्याची फोड कापून घेतो आणि सावकाश खात बसतो. निदान अर्धा तास कोणी काही बोलत नाही. बस एवढंच लिहिलंय, हा माणूस निगरगट्ट आहे वगैरे काही नाही, कलिंगड आहे. पुढे तो मॉस्कोला परततो, वाटलं होतं महिन्याभरात विसरेल, तर उलटंच, ती डोक्यातून जाईना, आणि सांगायचं कोणाला, घरी सांगता येत नाही, बँकेत सांगता येत नाही. एका रात्री क्लबातून पत्ते खेळून बाहेर पडताना सोबतच्या एका अधिकाऱ्याला तो बोलून जातो, की याल्टाला मला काय सुंदर बाई भेटली म्हणून सांगू तुम्हाला. तो अधिकारी घसरगाडीत बसतो, गाडी निघते, मग एकदम मागे वळून याला हाक मारतो. याला वाटतं आता काहीतरी विचारणार. तर तो म्हणतो, मघाशी तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं, तो स्टर्जन मासा जरा वासच मारत होता.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले होते. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा नाही हसू आलं. त्या अधिकाऱ्याची यात काय चूक सांगा. मासा शिळा होताच.

हीच गंमत चेखवनं त्याआधी तेरा वर्षं केली होती, ती घोडागाडीवाल्याची गोष्ट, ती तुमच्या वाचकांना माहीत असेल, शाळा-कॉलेजात कुठे ना कुठे लागून गेलीये आणि आता व्हॉट्सअॅपवर चार ओळींत फिरते. मुलगा गेलेला म्हातारा दिवसभर गिऱ्हाइकांना सांगायला बघतो, कोणी ऐकत नाही, शेवटी घोडीला सांगतो. फॉरवर्डमध्ये घोडी राहते आणि गिऱ्हाइकं गळतात, खरी गोष्ट तर गिऱ्हाइकांतच आहे. त्यातला लष्करी माणूस तर विचारतोसुद्धा, कशानं गेला रे मुलगा, आणि उत्तर चालू असताना डोळे मिटून घेतो. बरं ही गोष्ट छापून आली होती कुठे माहितीये का, पीटर्सबर्गच्या एका रोजच्या पेपरात, १८८६ च्या जानेवारीत. पेपरात! लेखक सव्वीस वर्षांचा. कोणीतरी तेव्हाही पत्र लिहून विचारलं असेल, चहाबरोबर हे कशाला.

आता घरचं सांगते, त्याशिवाय मी हे पत्र का लिहितेय ते कळणार नाही.

आमचे अण्णा रेल्वेत होते, भुसावळ डिव्हिजनला स्टेशन मास्तर, सगळी नोकरी सावदा, निंभोरा असल्या केळीच्या पट्ट्यातल्या लहान स्टेशनांवर. आम्ही आईबरोबर नाशिकरोडला, शाळेसाठी. अण्णा रेस्टला, म्हणजे सुट्टीच्या दिवशी यायचे, केळीचा घड घेऊन, एक रात्र राहायचे, की परत. मी बी.ए.ला हिंदी घेतलं होतं, सिलॅबसला उषा प्रियंवदांची 'वापसी' होती. गजाधरबाबू, पस्तीस वर्षं रेल्वेची नोकरी, बहुतेक वर्षं क्वार्टरमध्ये एकटे, रिटायर होऊन मोठ्या हौसेनं घरी येतात तर घराला त्यांच्याशिवाय चालायची सवय झालेली. पोरं हसत-खिदळत असतात, हे आत आले की गप्प. झोपायला जागा नाही म्हणून त्यांची खाट आधी बैठकीत टाकतात, मग बायकोच्या खोलीत लोणच्याच्या बरण्यांशेजारी. शेवटी ते साखर कारखान्यात नोकरी धरतात, बायकोला म्हणतात तू पण चल, ती म्हणते मी आले तर इथलं काय होणार. मग ते जातात. ते गेल्या गेल्या पोरं सिनेमाला जायचं ठरवतात आणि बायको मुलाला सांगते, बाबूजींची खाट खोलीतून काढ बाबा, चालायलाही जागा नाहीये.

मला परीक्षेत या कथेवर प्रश्न आला होता. मी चांगलं चार पानं उत्तर लिहिलं होतं, बदलती कुटुंबव्यवस्था आणि पिढ्यांमधलं अंतर वगैरे. अण्णा स्वतः रेल्वेत आहेत हे उत्तर लिहिताना माझ्या डोक्यातही आलं नाही, खरं सांगते.

अण्णा १९९४ ला रिटायर झाले, तेव्हा अठ्ठावन्नला व्हायचे. त्यांची लोखंडी खाट पुढच्या खोलीत खिडकीशी टाकली. रात्री पंजाब मेलच्या वेळेला ते उठून बसायचे, हिरवा दिवा दाखवायची सवय, मग पाणी पिऊन परत आडवे. आईला सांगायला बघायचे, आज मेल लेट दिसतेय, आवाज आला नाही. आई म्हणायची झोपा. त्या वर्षी गणपतीला मी माहेरी गेले, भाऊ-वहिनी मखर लावत होते, खोली ती केवढी, मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि म्हटलं, अण्णांची खाट आत टाका ना दहा दिवस, चालायला जागा नाहीये इथे.

अण्णांनी स्वतः एका बाजूनं खाट धरली. दारातून जाईना, तिरकी करावी लागली.

मला तेव्हाही काही आठवलं नाही. आठवलं बऱ्याच वर्षांनी, वाचनालयात लागल्यावर, हिंदीचं एक जुनं पुस्तक बाइंडिंगला पाठवायचं म्हणून पानं मोजत होते तेव्हा. शेवटचं वाक्य दिसलं आणि मोजणी चुकली.

म्हणून मला त्या काकांचा जरा राग पण आला, उभारी देणारं छापा म्हणे. 'वापसी'त प्रेम जातं ते कुठल्या पानावर जातं दाखवा मला. भांडण नाही, दुसरी बाई नाही, घटस्फोट नाही. बायको वाईट नाही, घर ओढता ओढता तिचा जन्म गेलाय. प्रेम गेलं ते पस्तीस वर्षांत थोडं थोडं झिजत गेलं, कोणाला पत्ता नाही. कादंबरीत हे दाखवायला पानं असतात, शेवटी काहीतरी समेट पण करता येतो. कथेला तेवढी सवड नाही, ती बरोब्बर खाट हलते त्या क्षणाला येऊन उभी राहते आणि निघून जाते. वाचणारा तिथेच उभा. आमच्या मेंबरांची तक्रार आहे ना, शेवटी काय झालं सांगत नाहीत, ती याचीच. फ्रँक ओकॉनर म्हणून आयरिश लेखक होता, त्यानं कथेवर अख्खं पुस्तक लिहिलं आणि नावच एकाकी आवाज अशा अर्थाचं ठेवलं. हा ओकॉनर लायब्ररीयन होता बरं का आधी, म्हणून माझा जरा जास्त जीव.

आता आयर्लंडचं निघालंच आहे तर जॉइसची एक गोष्ट सांगते, १९१४ ला आलेल्या 'डब्लिनर्स' पुस्तकातली, आणि ही सांगण्यामागे कारण आहे. डफी नावाचा बँकेतला कॅशियर, सडाफटिंग, सगळं जागच्या जागी लागणारा. त्याची एका बाईंशी ओळख होते, मिसेस सिनिको, नवरा जहाजावर कॅप्टन. दोघं फिरतात, पुस्तकांवर बोलतात, छान चाललेलं असतं, एके संध्याकाळी ती बाई भरून येऊन त्याचा हात धरते आणि आपल्या गालाला लावते. संपलं. हा माणूस घाबरतो म्हणा, किळसतो म्हणा, संबंध तोडून टाकतो. चार वर्षं जातात. एक दिवस तो खानावळीत जेवायला बसलाय, खारवलेलं बीफ-कोबी असं काहीतरी ताटात, संध्याकाळचा पेपर पाण्याच्या सुरईला टेकवून वाचतोय, काटा तोंडाकडे नेता नेता थांबतो. बातमी आहे. त्रेचाळीस वर्षांची बाई रूळ ओलांडताना गाडीखाली सापडली. ड्रायव्हरची साक्ष, डॉक्टरची साक्ष, नवऱ्याची साक्ष, आणि शेवटी पेपर लिहितो, कोणालाही दोष देता येत नाही. पूर्ण बातमी जॉइसनं कथेत छापलीये, पेपरच्याच भाषेत, आणि कथेचं नाव म्हणजे त्या बातमीचं पोटहेडिंग. संपादक साहेब, तुमच्याकडे अशा बातम्या रोज येतात, पान पाचला खाली.

आई २००४ ला गेली. त्यानंतर अण्णा पावसाळ्यात महिनाभर माझ्याकडे राहायला होते. एका रात्री लाईट गेले होते, टीव्ही बंद, बोलायला विषय नाही, अण्णा आणि मी कधी नुसते बोलत बसलोय असं झालंच नव्हतं. तेव्हा मी ही गोष्ट त्यांना सांगितली, आपली सुचलं म्हणून, स्टेशन आहे ना गोष्टीत. ऐकल्यावर पहिला प्रश्न काय तर, "ड्रायव्हरनं शिट्टी मारली होती का?" मी म्हटलं गाडी नुकतीच सुटली होती, हळू होती. "मग ठीक आहे." मला हसू आलं. मग जरा वेळानं तेच म्हणाले, आमच्याकडे रन ओव्हर झालं, म्हणजे कोणी गाडीखाली आलं, की पोलिसांना मेमो द्यावा लागतो, मी बरेच दिले. गाडी नंबर, किलोमीटर नंबर, वेळ, बाई की पुरुष. बस.

मी काही बोलले नाही.

मग म्हणाले, एक बाई होती, पंचवीस-तीसची असेल. तिच्या पिशवीत बांगड्या होत्या, दोन डझन, हिरव्या, पेपरात गुंडाळलेल्या. एकही फुटली नव्हती. मी म्हटलं, मेमोत लिहिलंत? म्हणाले, बांगड्या मेमोत येत नाहीत, ते पोलीस पंचनाम्यात घेतात, मेमोत किलोमीटर येतो. दुसऱ्या दिवशी माझा रेस्ट होता, घरी आलो, चहा घेतला, तुझ्या आईला सांगायला बसलो. "सांगितलंत?" "सुरुवात केली. ती म्हणाली रेशनला पामतेल आलंय, संपायच्या आत पिशवी घेऊन जा."

गेलात? गेलो की, म्हणाले, लाईन मोठी होती. तेल मिळालं.

आणि मग परत सांगायचं राहूनच गेलं म्हणाले, पुढचा रेस्ट पंधरा दिवसांनी होता.

मी आईला ओळखते. तेल संपलं असतं तर चार पोरांच्या डब्याला काय करायचं हा तिचा खरा प्रश्न होता, ती काही दगड नव्हती. अण्णाही पुढच्या वेळी सांगू शकले असते. इथे मला तो मासा आठवला आणि मी अण्णांना चेखवची पण गोष्ट सांगितली अंधारात, ते हसले जोरात, आणि म्हणाले, बरोबरे, खराब मासा फार वाईट. मग लाईट आले.

असो. पत्र फार लांबलं. मराठीत हे नाही असं नाही म्हणत मी. जी. ए. कुलकर्णींचं नाव घेतल्याशिवाय एकाकीपणावर बोलताच येत नाही आपल्याकडे, धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवत, सभा-समारंभांपासून लांब राहत त्यांनी जे लिहिलं ते अजून चिठ्ठी भरून फिरतं, 'काजळमाया'ची आमची तिसरी प्रत चालू आहे. पण माझं प्रामाणिक मत सांगू का, जी.एं.ची माणसं वाचताना असं वाटतं की ती नशिबानंच एकटी आहेत, कोणी काही केलं असतं तरी तसंच झालं असतं, विहिरीत वाकून बघितल्यासारखं. मी म्हणतेय तो एकटेपणा त्याहून फालतू आहे, घरातला, पामतेलाचा, जो कदाचित टळला असता. सानियांच्या कथांतल्या बायका एकट्या असतात पण बिचाऱ्या नसतात, तेही वाचायला बरं वाटतं. काकांना उभारीच हवी असेल तर त्यांनी तिथून सुरुवात करावी, मी काढून ठेवते.

मुद्दा एवढाच की या सगळ्यांना जागा लागते. अॅलिस मन्रो घ्या, कॅनडाची, आयुष्यभर कथाच लिहिल्या आणि २०१३ ला नोबेल मिळालं. तिची एक कथा आहे, बायकोची स्मृती जायला लागते, तिला संस्थेत ठेवतात, नवरा महिन्यानं भेटायला जातो तर ती तिथल्या दुसऱ्याच एका पेशंटच्या शेजारी बसलेली आणि याच्याशी अनोळखी माणसासारखी गोड बोलते. नवऱ्यानं तरुणपणी तिला कमी फसवलेलं नसतं, त्यामुळे वाचणाऱ्याला कळत नाही कोणाची दया करावी. ही कथा सहाशे शब्दांत सांगा बघू. मी आत्ता सांगितली ना, काय उरलं तिच्यात? काही नाही. सहाशे शब्दांत फक्त पाऊस आणि खिडकी मावते, म्हणून तुमचे लेखक तेच लिहितात, बिचारे काय करतील, शब्दमर्यादा तुमची. १९०९ साली आपल्याकडे पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासून मराठी माणूस वर्षातून एकदा लांब कथा वाचतोय, मेला नाही अजून कोणी. महिन्यातून एक रविवार पूर्ण पान द्या कथेला. राशिभविष्य शनिवारी घ्या पाहिजे तर, रविवारी कोणाला काय घडायचंय.

आणि लेखकांना सांगा की कथेत प्रेम गेलं तर जाऊ द्या, पण त्या दिवशी घरात भाजी काय होती तेवढं लिहा.

आपली,
एक वाचनालयवाली, नाशिकरोड

ता. क. पत्र छापलंत तर काटछाट करणार हे माहीत आहे, एकवीस वर्षं वाचतेय तुमचा पेपर. करा. वरचं कॉफीचं, ओकॉनरचं, राशिभविष्याचं काढलंत तरी चालेल. पामतेलाचं तेवढं राहू द्या.